इंग्रजीची लागण कशी करावी?



या पानावर मी एरवी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांवर लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. आपल्या मुलांना इंग्रजी बोलायला, वाचायला आणि लिहायला कसे शिकवावे, हा. "शेतकी खात्याच्या माणसाला हा उद्योग कोणी सांगितला?" असे कोणी म्हणेल, म्हणून आधी कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी बारा सभासदांना घेऊन मी परराज्यातील एका ऊस संशोधन केंद्रावर गेलो होतो. तिथल्या शास्त्रज्ञांना मराठी येत नव्हते, आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती. मधली भाषा इंग्रजी. त्यांनी दिलेले माहितीपत्रक मी वाचले आणि सभासदांना समजावून सांगितले. तोवर सगळे ठीक होते. मग एक सभासद माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, यांना विचारा की, खोडव्यात हुमणी लागली तर उभ्या पिकात औषध कसं द्यायचं?" प्रश्न साधा. कागद दिला असता तर मी तो इंग्रजीत लिहून दाखवला असता. पण तोंड उघडले आणि शब्द जुळेनात. दोन शब्द कसेबसे बोललो. शास्त्रज्ञांनी "पार्डन?" म्हणून कान पुढे केला. मी "नथिंग, थँक यू" म्हणून मोकळा झालो! प्रश्न जसा नेला तसा परत आणला. परतीच्या गाडीत ते सभासद एवढेच म्हणाले, "राहू द्या साहेब, पुढच्या खेपेला विचारू." त्या वर्षी त्यांच्या खोडव्याचे हुमणीने बरेच नुकसान केले. ती बोच माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मी पाचवीपासून इंग्रजी शिकलो. दहावीला मार्क बरे होते. मग अडले कुठे? हे समजून घ्यायला मी जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका गुरुजींकडे गेलो आणि त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. पुढचा मजकूर बराचसा त्यांच्याकडून शिकलेला, काही वाचलेला आणि काही घरी मुलीबरोबर करून पाहिलेला आहे.

पूर्वीची रीत

आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल, एके काळी इंग्रजी आठवीपासून असे. पुढे ते पाचवीपासून आले आणि जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झाले. इयत्ता खाली आली, पण शिकवण्याची रीत तितक्या लवकर बदलली नाही. जुनी रीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा. या पुस्तकावर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वाचायला-लिहायला शिकल्या, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यात कान आणि जीभ यांना काम नव्हते. आमच्या वेळची परीक्षाही लेखी. जे तपासले जात नाही ते शिकवले जात नाही, हा सगळीकडचाच नियम आहे.

आधी कान, मग जीभ

गुरुजींच्या पहिलीच्या वर्गात सुरुवातीला मुले इंग्रजी बोलतच नाहीत, नुसती ऐकतात. "स्टँड अप" म्हटले की उभी राहतात, "ओपन द डोअर" म्हटले की एक पोर पळत जाऊन दार उघडते. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. लहान मूल घरची भाषा शिकताना आधी हुकूम ऐकून वागते आणि बोलते नंतर, हा तिचा आधार. आपण टिपरी लावल्यावर रोज माती उकरून डोळा फुटला का ते पाहत नाही. तसेच इथेही थोडे थांबावे लागते.

बोलणे सुरू झाले की मराठी मुलांच्या काही ठरलेल्या अडचणी दिसतात. पहिली, वाक्याची मांडणी. आपण म्हणतो, "मी ऊस लावतो." इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, म्हणजे "मी लावतो ऊस". दुसरी, उच्चार. आपल्याकडे 'व' एकच, इंग्रजीत दोन. एकाला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. तिसरी अडचण मला वर्गात बसल्यावरच कळली. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या सगळ्यांना एकच 'यू'. गुरुजींना 'यू' म्हणायचे म्हणजे अरेतुरे केल्यासारखे वाटते, म्हणून चांगल्या घरची पोरे गप्प बसतात! गुरुजींनी हे त्यांना उघड समजावून सांगितले, तेव्हा कोंडी फुटली.

पोर चुकले तर गुरुजी "चूक!" म्हणत नाहीत. पोर म्हणाले, "ही गो मार्केट." गुरुजी म्हणतात, "येस, ही गोज टू मार्केट," आणि पुढे जातात. बरोबर वाक्य कानावर पडते, पोराचा पाणउतारा होत नाही. माझ्या वाट्याला असे गुरुजी आले असते तर तो प्रश्न मी विचारला असता, असे मला वाटते.

वाचन: अक्षराचे नाव वेगळे, आवाज वेगळा

देवनागरीत जसे लिहिले तसे बहुतेक वाचले जाते. इंग्रजीत अक्षरे २६ आणि आवाज सुमारे ४४. म्हणून नुसती एबीसीडी पाठ करून वाचता येत नाही, अक्षराचा आवाज शिकावा लागतो. आपलेच उदाहरण घ्या. सी-ए-एन म्हणजे 'कॅन', अर्थात डबा. त्याला शेवटी ई लावला की झाला 'केन', म्हणजे ऊस. तो ई स्वतः बोलत नाही, पण मागच्या ए ला लांब करतो. तसाच 'टॅप' म्हणजे नळ आणि ई लावून 'टेप' म्हणजे फीत. असा एक नियम पटला की पोर त्या जातीचे बरेच शब्द आपोआप वाचते. 'शुगर'मधल्या एस चा 'श' होतो. असले शब्द थोडे आहेत, ते तसेच ध्यानात ठेवावेत.

शब्द किती यावेत? मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बंगालमध्ये ढाक्याला होते. बरीच मुले चार-दोन वर्षांत शाळा सोडतात, हे पाहून त्यांनी १९२० च्या दशकात असे मत मांडले की, अशा मुलांना निदान वाचता यावे, कारण पुढे आयुष्यात तेच उपयोगी पडेल. मोजक्या शब्दांची वाचनपुस्तके त्यांनी केली. १९५३ साली त्यांनी सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोज तीन शब्द पक्के केले तर दोन वर्षांत तेवढे होतात.

आणि वाचायला घरात काय कमी आहे? खताच्या पोत्यावर १८:४६ लिहिले आहे, त्यातले नत्र कोणते आणि स्फुरद कोणते, हे पोराला वाचू द्या. औषधाच्या घडीपत्रकात 'डोस', 'पॉयझन', 'अँटीडोट' हे शब्द शोधू द्या. लेबलवरच्या त्रिकोणाचा अर्थही सांगा. लाल सर्वात विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वात कमी हिरवा. मात्र हातात घडीपत्रकच द्यावे. औषधाचा डबा रिकामा असला तरी मुलांच्या हाती पडू देऊ नये.

लेखन सर्वात शेवटी

शंभर वेळा तीच ओळ गिरवून अक्षर सुधारते, भाषा येत नाही. जे तोंडाने बोलता आले तेच लिहू द्यावे. "धिस इज अवर फार्म. वुई ग्रो शुगरकेन." एवढी दोन वाक्ये पोराने स्वतःच्या मनाने लिहिली तर ती उताऱ्याच्या चार पानांपेक्षा मोलाची. चुका असतील. सगळ्यांवर लाल शाई ओतू नये, एका वेळी एकच चूक धरावी.

घरी काय करावे?

१. रोज पंधरा मिनिटे. आठवड्यात एकदाच दोन तास नको. पाटपाणी आणि ठिबक यांतला फरक आपल्याला सांगायला नको.

२. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी चालेल. "आज काय शिकलास, मला शिकव," असे म्हणावे. शिकवणारा दुप्पट शिकतो.

३. मूल चुकले तर घरात कोणी हसू नये. आजोबांनीही नाही.

४. मराठी वाचन सोडू नये. ज्याचे मराठी वाचन पक्के, त्याला दुसरी भाषा वाचणे सोपे जाते.

५. शाळेच्या पाटीवर इंग्रजी नाव आहे, एवढ्यावर उसाचे बिल फीमध्ये घालू नये. वर्गात जाऊन पाहावे. पोरे स्वतः बोलतात की फक्त एका सुरात घोकतात, यावर शाळा ठरवावी. मग ती कोणत्याही माध्यमाची असो.

आणखी एक. गळीत हंगामात तोडणी टोळ्यांबरोबर मुले येतात. त्यांतील कित्येकांच्या घरची भाषा बंजारा, शाळेची मराठी आणि वर इंग्रजी. निम्मे वर्ष गावाबाहेर जाते ते वेगळेच. संध्याकाळी आपली पोरे अभ्यासाला बसतील तेव्हा फडावरची दोन पोरे शेजारी बसली, तर आपले काही कमी होणार नाही.

त्या संशोधन केंद्राला पुन्हा भेट द्यायचा विचार आहे. मी सध्या मुलीपुढे रोज पंधरा मिनिटे बसतो. हुमणीचा तो प्रश्न मी तिच्यापुढे बोलून दाखवला. तिने दोन चुका काढल्या, पण हसली नाही. सहलीला येऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी आपले नाव गट ऑफिसात नोंदवावे, आणि सोबत आपला प्रश्नही लिहून द्यावा. या खेपेला तो विचारूनच परत येऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी