टीएसएचचा काटा

आपल्या येळ्ळूरकडचा शेतकरी भात विकावयास नेतो, तेव्हा व्यापाऱ्याचा काटा रिकामा असताना शून्यावर आहे की नाही, हे आधी पाहतो. रक्ततपासणीच्या कागदावर ‘टीएसएच ५.८’ असा आकडा आला की मात्र तो मोजणारा काटा कसा आहे, हे कोणी विचारीत नाही. गोळी जन्मभर घ्यावी लागणार की काय, ही चिंताच घरात सुरू होते. म्हणून या काट्याची पारख कशी करतात, ते आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक होय. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली की ते वाढते, ती अति काम करू लागली की घटते. प्रौढांत लिटरमागे सुमारे ०.४ ते ४ मिलियुनिट हे प्रमाण सामान्य मानतात. इतके अल्प द्रव्य मोजण्याची युक्ती अमेरिकेत रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी प्रथम इन्सुलिनसाठी शोधली. यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन मात्र १९७२ सालीच वारले होते. आपल्याकडे मुंबईस परळ येथे १९६३ साली अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले व थायरॉइडचे विकार हा तेथील अभ्यासाचा एक मोठा विषय झाला.

नवी तपासणी आली की एकच रक्त पुनःपुन्हा मोजून आकडे किती हलतात, ते पाहतात. मग अगदी कमी प्रमाणाकडे वळतात. जुन्या पद्धतींना १ मिलियुनिटाखालचे नीट दिसत नसे. त्यामुळे निरोगी मनुष्य आणि अतिक्रियाशील थायरॉइडचा रोगी यांतील भेद त्यांना कळत नसे. आजच्या चांगल्या तपासण्या ०.०१ पर्यंत पोहोचतात. ही शंभरपट प्रगती आम्हांस यंत्रांच्या चकचकाटाहून मोलाची वाटते.

सर्वांत गमतीची अडचण ओळखीची. पीयूषिकेतील एलएच व एफएसएच ही संप्रेरके टीएसएचची जणू भावंडेच. तिघांचा एक भाग सारखा, दुसरा निराळा. गर्भारपणातील एचसीजीही याच कुळातले. तपासणीतील प्रतिपिंडाने सारख्या भागाला धरले, तर गर्भवतीचा आकडा खोटाच फुगेल. म्हणून ही भावंडे मुद्दाम मिसळून काटा फसतो का, ते पाहावे लागते.

काटा खरा असला तरी वेळ नडते. टीएसएच रात्री व पहाटे अधिक, दुपारी कमी असते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांचा आकडा काही यंत्रांवर खोटाच खाली येतो. तेव्हा घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांस सांगावी. ५.८ सारखा किंचित वाढलेला आकडा डॉक्टर बहुधा काही आठवड्यांनी, टी-४ सह, पुन्हा तपासून घेतात.

तान्ह्या मुलांची गोष्ट निराळी. जन्मानंतर लगेच टीएसएच उसळते, म्हणून टाचेतील थेंब शक्यतो ४८ तासांनंतर घेतात. थायरॉइडच्या उणिवेने बुद्धीची वाढ कायमची खुंटू शकते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर ते बहुतेक मुलांत टळते. तेथे आकडा संशयित असला तरी मुलाला त्वरित परत बोलावतात.