हवाई बेटांवरील व्यक्तिनामे : घडण आणि अर्थ

पॉलिनेशियातील नावे आणि त्यांचे अर्थ सांगणाऱ्या याद्या आज सहज मिळतात. ‘लेइलानी म्हणजे स्वर्गीय हार’ असे सांगून त्या पुढच्या नावाकडे वळतात. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तेथे थांबता येणार नाही, कारण या नावांत व्याकरण, कुटुंबाचा इतिहास आणि राजसत्तेचे कायदेही सामावलेले आहेत. उदाहरणादाखल आपण हवाई भाषेतील नावे घेऊ.

प्रथम घडण पाहा. ‘का’ आणि ‘के’ ही या भाषेतील निश्चयवाचक उपपदे होत. ‘कालानी’ या नावाची फोड ‘का’ + ‘लानी’ अशी होते. ‘लानी’ म्हणजे आकाश. पण त्याच शब्दाने उच्चकुलीन सरदाराचाही निर्देश होतो. त्यामुळे ‘लेइलानी’तील ‘लानी’ केवळ स्वर्गसूचक मानणे अपुरे ठरते. ‘लेइ’ म्हणजे गळ्यातील माळ, आणि लक्षणेने लाडके मूल. ‘केआनू’ (चित्रपट अभिनेता कियानू रीव्ह्जचे नाव ते हेच) म्हणजे ‘के’ + ‘आनू’, म्हणजेच थंडावा.

आता भगिनीभाषांकडे वळा. हवाईतील ‘लानी’ माओरीत ‘रांगी’ आणि टोंगनमध्ये ‘लांगी’ होते. ‘आलोहा’ माओरीत ‘आरोहा’, तर सामोअनमध्ये ‘आलोफा’ होते. संस्कृत-प्राकृत-मराठी ही ध्वनिपरिवर्तने तुम्ही अभ्यासली आहेतच. हजारो मैल सागराने विलग झालेल्या भाषांचे नातेही तसेच नियमित ध्वनिसंबंधांवरून सिद्ध होते.

अर्थाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय भाग नाव देण्याच्या परंपरेचा आहे. स्वप्नात मिळालेल्या नावाला ‘इनोआ पो’, म्हणजे रात्रीचे नाव, म्हणत. एखाद्या घटनेची स्मृती म्हणूनही नाव ठेवले जाई. हवाईची अखेरची राणी लिलिउओकालानी 1838 मध्ये जन्मली, तेव्हा तिचे नाव ठेवणारी सरदारकुलातील स्त्री, किनाउ, नेत्रविकाराने त्रस्त होती. म्हणून बालिकेच्या नावात ‘लिलिउ’ (चुरचुरणे), ‘लोलोकू’ (अश्रुपूर्ण), ‘वालानिया’ (दाहक वेदना) आणि ‘कामाकाएहा’ (दुखरा डोळा) हे शब्द आले. या शेवटच्या शब्दात ‘माका’ म्हणजे डोळा आणि ‘एहा’ म्हणजे दुखरा. विशेषण नामानंतर येते, हे ध्यानात घ्या. वेदना दुसऱ्याची, ती जन्मभर वागवली मात्र त्या मुलीने. अर्थात तेथे हा सन्मानच समजला जाई.

याउलट ‘इनोआ कूआमुआमू’ हा निंदाव्यंजक नावांचा प्रकार. दुष्ट शक्तींची दृष्टी बालकावर पडू नये म्हणून ‘पुपुका’, म्हणजे कुरूप, असे नाव देत. मराठी वाचकाला येथे केरू, कचरू, दगडू ही नावे आठवतील. मुले जगत नसत अशा घरांत तीही याच भावनेने ठेवली जात. ‘नकोशी’ हे नाव मात्र या वर्गात घालू नये. तेथे मूल वाचवण्याची धडपड नसून मुलीविषयीची नाराजी आहे. म्हणूनच 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली.

या परंपरेवर आघात केला तो कायद्याने. राजा चौथा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत, 1860 मध्ये, बालकाला ख्रिस्ती नाव आणि आडनाव म्हणून पित्याचे नाव देणे बंधनकारक झाले. हवाई नाव मग मधल्या जागी सरकले. पुढे 1896 मध्ये शाळांतील माध्यम इंग्रजी करण्यात आले. नाव उरले, पण ते समजणारे कान कमी होत गेले. नावांचा कायदा रद्द झाला तो थेट 1967 मध्ये; 1978 मध्ये हवाई भाषेला राज्याच्या राजभाषेचा दर्जा मिळाला.

एक इशारा. या भाषेत स्वरयंत्रात हवा क्षणभर अडवून उच्चारले जाणारे एक व्यंजन आहे. मराठीच्या देवनागरी लेखनात त्याला चिन्ह नाही आणि इंग्रजी लेखनातही ते पुष्कळदा गळते. ‘पाउ’ म्हणजे संपलेले. मध्ये ते व्यंजन आले की अर्थ होतो काजळी, आणि दोन्ही स्वर दीर्घ केले की स्त्रियांचे वस्त्र. याद्यांतील कित्येक अर्थ म्हणूनच संशयास्पद ठरतात.

स्वाध्याय : ‘ओला’ म्हणजे जीवन. ‘केओला’ आणि ‘केआलोहा’ या नावांची फोड करा. तुमच्या परिसरातील, घटनेवरून किंवा दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली पाच नावे मिळवा आणि ती कोणी, कोणत्या प्रसंगी ठेवली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.