सत्तर नॅनोमीटरचा काप

किडनीचा एक आजार असा आहे, की रुग्णाच्या अंगावर तो लख्ख दिसतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. डोळ्यांभोवती सूज येते, पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो, लघवी फेसाळते आणि तिच्यातून दिवसाला कित्येक ग्रॅम प्रथिनं वाहून जातात. डॉक्टर सुईने किडनीचा शेवयीएवढा तुकडा काढतात. पॅथॉलॉजिस्ट तो रंगवून पाहतात, तर रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे गुच्छ, म्हणजे ग्लोमेरुलस, निरोगी वाटावेत असे असतात. या आजाराला मिनिमल चेंज डिसीज म्हणतात. त्यात नेमकं काय बिघडतं हे १९५७ साली मॅरिलिन फार्कर, रॉबर्ट व्हर्नियर आणि रॉबर्ट गुड यांनी अमेरिकेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. केशवाहिनीला बाहेरून बिलगलेल्या पोडोसाइट पेशींचे बारीक पाय एरवी सुटेसुटे असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून रक्त गाळलं जातं. या रुग्णांत ते पाय पसरट होऊन एकमेकांत मिसळून गेले होते.

ओळखीच्या एका किडनीतज्ज्ञांशी बोलताना कळलं, की काही रुग्णांचे उपचार ठरवताना ते बायोप्सीच्या पहिल्या अहवालावर थांबत नाहीत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या अहवालाची वाट पाहतात. तो अहवाल कोण घडवतं, हे पाहायला मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेले. मनात होतं ते महागडं यंत्र. तिथे पोचल्यावर मात्र शेजारच्या छोट्या खोलीतून मला निघवेना.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३१ साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नोल यांनी चुंबकीय भिंगांनी इलेक्ट्रॉनांचा झोत वळवून प्रतिमा मोठी करून दाखवली. पुढची काही वर्षं या यंत्रावर पैसे लावायला कोणी तयार नव्हतं. मार्ग निघाला तो वैद्यकातून. एर्न्स्टचा धाकटा भाऊ हेल्मुट डॉक्टर होता. त्याचे गुरू रिचर्ड झीबेक यांनी १९३६ मध्ये लेखी मत दिलं, की रोगांच्या अभ्यासाला या यंत्राचा मोठा उपयोग होईल. त्यानंतर सीमेन्स कंपनी पुढे आली आणि १९३९ पासून यंत्रं बाजारात येऊ लागली. आपल्याकडे १९४० च्या दशकात मेघनाद साहांच्या पाठिंब्याने नीरजनाथ दासगुप्तांनी कलकत्त्यात स्वतः इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभारला. एर्न्स्ट रुस्कांना नोबेल मिळालं १९८६ मध्ये, पहिल्या प्रयोगानंतर पंचावन्न वर्षांनी.

या इतिहासात एक मोठी खोट राहून जाते. यंत्र तयार झालं तरी जवळजवळ वीस वर्षं त्यातून माणसाची ऊती नीट पाहता येत नव्हती. इलेक्ट्रॉन फार लवकर अडतात. साध्या सूक्ष्मदर्शकासाठी तीन-चार मायक्रोमीटर जाडीचा काप चालतो. इथे तो शंभर नॅनोमीटरच्या आत, सत्तरच्या आसपास हवा. पोलादी पातं कितीही परजलं तरी इतका पातळ काप सहज निघत नव्हता. १९५० मध्ये लॅटा आणि हार्टमन या दोघा अमेरिकी संशोधकांनी दाखवलं, की काच मोडल्यावर जी कड तयार होते ती या कामाला पुरेशी धारदार असते. त्यानंतर व्हेनेझुएलाचे उंबेर्तो फर्नांदेस-मोरान यांनी हिऱ्याची सुरी घडवली. किडनी, स्नायू, मज्जातंतू यांच्या आजारांचं दालन उघडलं ते या सुऱ्यांनी.

ती छोटी खोली म्हणजे काप काढण्याची खोली. तिथल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्यांची निम्मी नोकरी अल्ट्रामायक्रोटोम नावाच्या यंत्रासमोर गेली आहे. मी गेले तेव्हा त्या सुरी बनवत होत्या. काचेच्या जाड पट्टीचा चौकोन काच मोडण्याच्या यंत्रात बसवायचा, तिरपी रेघ ओढायची आणि हळूहळू दाब वाढवायचा. काच घाईने मोडली तर धार वाकडी येते. सावकाश मोडली तर एका चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्यांच्या टोकाला सुरी तयार होते. त्या धारेचाही सगळा भाग कामाचा नसतो. मॅडम भिंगाखाली धरून नितळ तुकडा शोधतात, उरलेल्या भागावर फक्त ओबडधोबड छाटणी करतात. काचेची धार ठेवून टिकत नाही, म्हणून सुऱ्या लागतील तशा ताज्या करायच्या. हिऱ्याची सुरीही आहे. तिची किंमत लाखांत जाते, त्यामुळे ती शेवटच्या, निर्णायक कापांसाठी राखलेली असते.

सुरीपर्यंत येण्याआधी ऊतीचा प्रवास लांब असतो. बायोप्सीतून एक मिलिमीटरचे कण वेगळे काढून ताबडतोब ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टाकतात. त्याने प्रथिनं जागच्या जागी बांधली जातात. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड. ते मेदाला धरून ठेवतं आणि ऊती काळी करतं. त्याची वाफ डोळ्यांना इजा करते, म्हणून ते काम धूर खेचणाऱ्या कपाटातच चालतं. पुढे अल्कोहोलने पाणी काढून टाकायचं, त्या जागी राळ भरायची आणि ओव्हनमध्ये साठ अंशांवर एक-दोन दिवस ठेवायचं. शेवटी हातात येतो शेंगदाण्याहून लहान, अंबर रंगाचा ठोकळा. त्याच्या टोकाशी काळा ठिपका असतो. ती रुग्णाची किडनी.

आधी त्याचा अर्धा-एक मायक्रोमीटरचा काप काढून टोल्युडिन ब्लूने रंगवतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलस शोधतात. तो सापडला, की बाकीचा भाग पात्याने छाटून ठोकळ्याच्या टोकाचा पिरॅमिड करायचा. यानंतर येतो मला खिळवून ठेवणारा भाग. ठोकळा धरणारा दांडा वर-खाली होतो आणि प्रत्येक फेरीत कापाच्या जाडीइतका पुढे सरकतो. जुन्या यंत्रांत एवढी सूक्ष्म हालचाल साधण्यासाठी दांडा चक्क तापवत असत. धातू प्रसरण पावे तसा ठोकळा सुरीकडे जाई. एका खोलीतल्या स्थिर तापमानावर इतका भरवसा टाकणारी ही युक्ती मला विलक्षण वाटली. आजच्या यंत्रांत मोटर ते काम करते, पण खोलीची शिस्त तीच राहिली आहे. पंखा नाही, एसीचा झोत यंत्राकडे नाही, काप चालू असताना दार कोणी उघडायचं नाही. यंत्रं तळमजल्यावर आहेत तीही इमारतीचा कंप कमीत कमी पोचावा म्हणून.

सुरीच्या मागे पाण्याची इवलीशी डोणी असते. कापलेला पापुद्रा त्या पाण्यावर उतरतो, त्याला चिकटून पुढचा, अशी एक फीत तयार होते. तिची जाडी मोजायला पट्टी नाही. मॅडम रंग पाहतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग चमकतात त्यांचंच हे शास्त्र: पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. सोनेरी दिसला तर काप जाड, राखाडी दिसला तर फारच पातळ, चंदेरी म्हणजे साठ ते नव्वद नॅनोमीटर. फीत चंदेरी झाली, की मॅडम काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने पापुद्रे हलकेच एकत्र आणतात आणि तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर उचलतात. इतक्या नाजूक कामाला पापणीच्या केसाहून चांगलं हत्यार जगातल्या प्रयोगशाळांना अजून मिळालेलं नाही.

मग युरेनियम आणि शिशाच्या क्षारांचा लेप. शिशाच्या द्रावणाचं श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडशी जमत नाही; पांढरा साका पडतो आणि प्रतिमेवर काळे डाग उमटतात. म्हणून बशीत कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या ठेवायच्या आणि थेंब सोडताना श्वास रोखायचा. मॅडमचे हात चालू असताना नकळत माझाही श्वास थांबला होता.

जाळी निर्वात नळीत जाते, पॅथॉलॉजिस्ट पडद्यासमोर बसतात, आणि या सगळ्या खटाटोपाचं मोल कळतं. ग्लोमेरुलसच्या भिंतीचा मधला पडदा प्रौढ माणसात साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटर जाड असतो. तो सगळीकडे पातळ असेल तर लघवीतल्या रक्ताचं कारण बरेचदा तिथेच मिळतं. तो ठिकठिकाणी जाड होऊन पदर सुटल्यासारखा चिरफाळला असेल तर आनुवंशिक अल्पोर्ट आजाराचा संशय बळावतो. मग प्रश्न एका रुग्णाचा राहत नाही. त्याला किडनी द्यायला निघालेल्या आईची किंवा बहिणीची तपासणीही वेगळ्या नजरेने करावी लागते. फाब्री आजारात पेशींत साठलेला मेद साध्या सूक्ष्मदर्शकासाठीच्या नेहमीच्या पॅराफिन प्रक्रियेत विरघळून जातो. इथे ऑस्मियमने तो धरून ठेवलेला असतो आणि पट्टेरी गोळ्यांच्या रूपात दिसतो. या आजारावर एन्झाइमचे उपचार आहेत, म्हणून तो ओळखता येण्याला फार अर्थ आहे. मार्क हास यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत किडनीच्या दर पाच बायोप्सींपैकी साधारण एकीत या तपासणीशिवाय निदान पुरं होत नव्हतं, आणि जवळपास तेवढ्याच बायोप्सींत तिने निदानाला महत्त्वाची पुष्टी दिली होती.

अडचणी मात्र यंत्राइतक्याच मोठ्या आहेत. पहिली अडचण आकाराची. एक मिलिमीटरचा कण सत्तर नॅनोमीटरने कापत गेलं तर चौदा हजारांवर काप निघतील. पाहिले जातात त्यातले मोजके. आजार किडनीत ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असेल तर तो या मोजक्या कापांत सापडेलच असं नाही. दुसरी अडचण सुरुवातीच्या काही मिनिटांची. कितीतरी बायोप्सी ग्लुटाराल्डिहाइडसाठी कण न काढता सगळ्याच्या सगळ्या फॉर्मेलिनमध्ये पाठवल्या जातात, काही वाळून पोचतात. पॅराफिनच्या ठोकळ्यातून ऊती परत मिळवून पाहता येते, पण तोवर बारीक पडद्यांची मोडतोड झालेली असते आणि पडद्याच्या जाडीचं माप विश्वासाचं राहत नाही. मॅडमच्या कसबाने ती मोडतोड भरून निघत नाही.

तिसरी अडचण नजरेची. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून नव्या कोरोना विषाणूची प्रतिमा मिळवली. कण सत्तर-ऐंशी नॅनोमीटरचा होता. त्याच वर्षी परदेशी नियतकालिकांत रुग्णांच्या किडनीच्या पेशींत विषाणू दिसल्याचे दावे छायाचित्रांसह छापून आले. अनुभवी सूक्ष्मदर्शकतज्ज्ञांनी लवकरच दाखवून दिलं, की त्यातल्या अनेक आकृती म्हणजे पेशीतल्या नेहमीच्याच, काटेरी आवरणाच्या पिशव्या होत्या. जगभरात इतक्या लोकांची एकदम अशी चूक व्हावी, याचं कारण मला सरळ दिसतं: पेशीचं अंतरंग रोज पाहणारी माणसं कमी होत चालली आहेत.

ती कमी का होताहेत तेही लपलेलं नाही. गाठ कुठल्या पेशींची हे ठरवायला पूर्वी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागत असे. आता प्रतिपिंडांनी रंगवून ते स्वस्तात आणि लवकर होतं. फायब्रिलरी ग्लोमेरुलोनेफ्रायटिससारख्या आजारालाही २०१८ पासून डीएनएजेबी९ या प्रथिनाची खूण मिळाली आहे. अल्पोर्टसाठी जनुकीय चाचणी आहे. काम घटलं, की यंत्राच्या देखभालीचा खर्च डोळ्यांवर येतो. थंड पाण्याची व्यवस्था, निर्वात पंप, परदेशातून येणारे भाग, युरेनियमच्या क्षारासाठी नियमांची पूर्तता, हे सगळं थोड्या रुग्णांवर विभागावं लागतं. काप शिकायला वर्षं जातात, आणि शिकल्यावर बढतीची वाट अरुंद. मॅडमच्या हाताखाली शिकायला आलेले बरेच जण पुढे दुसऱ्या विभागांत गेले.

मला जनुकीय चाचण्यांबद्दल तक्रार नाही. ज्या रुग्णाचं निदान रक्ताच्या नळीवर होतं त्याच्या किडनीत सुई कशाला घालायची? पण जनुकातला बदल हा भविष्याचा अंदाज असतो. या रुग्णाच्या या पडद्याचं आज काय झालंय, हे पाहूनच कळतं. आणि पेशीचे पाय मिसळलेत की नाहीत, या साध्या प्रश्नाचं उत्तर रोजच्या वापरात अजून तरी याच काप काढणाऱ्या हातांतून येतं.

या अडचणींवरचा उपाय अशक्य नाही. प्रत्येक रुग्णालयाने आपलं यंत्र घ्यायची गरज नाही. राज्यात दोन-तीन मजबूत केंद्रं असली, बायोप्सी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरकडे ग्लुटाराल्डिहाइडची छोटी कुपी तयार असली, आणि त्या केंद्रांत काप काढणाऱ्या तंत्रज्ञाचं पद कायम, सन्मानाचं आणि शिकाऊ माणसासह मंजूर झालं, तर पुष्कळ साधेल. यंत्र पैसे टाकून वर्षभरात येतं. चंदेरी आणि सोनेरी यांतला फरक ओळखणारा डोळा तयार व्हायला मात्र शिकवणारं माणूस आधी जागेवर असावं लागतं. मॅडमच्या निवृत्तीला आता फार वर्षं उरलेली नाहीत, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची भरायची असेल तर ती त्या तिथे असतानाच भरायला हवी.