पिकअपचं मडफ्लॅप: रबर कोणतं घ्यायचं, कसं बसवायचं



पाऊस पडला की आपली काळी माती टायर सोडत नाही. शेतातून निघालेली पिकअप डांबरीला लागली, वेग वाढला, की टायरमधली ढेकळं आणि खडे मागे उडतात. मागे दुचाकीवर कुणाचं तरी लेकरू शाळेला निघालेलं असतं. त्यात आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बेलवाडीच्या रिंगणावरून इंदापूरकडे जाते, तेव्हा रस्त्याच्या कडेनं वारकरीच वारकरी असतात. म्हणून आज फवारणीचं नाही, चाकामागच्या रबराचं बोलू.

*१) रबर की प्लॅस्टिक?*
प्लॅस्टिकचं हलकं आणि स्वस्त असतं, पण उन्हानं कडक होतं आणि बांधावर आपटलं की तुकडा पडतो. शेतात जाणाऱ्या गाडीला आत कापडाचा थर असलेलं ५-६ मिमी जाडीचं रबर बरं. दुकानात ते हातानं दुमडून बघा. घडीवर भेगा दिसल्या तर घेऊ नका. कन्व्हेअर पट्ट्याचा जुना तुकडा मिळाला तर टिकतो चांगला, पण फार जाड असेल तर वजनानं पत्रा फाडतो. जुन्या रेडियल टायरचा तुकडा लावू नका, त्यातल्या तारा बाहेर येतात.

*२) रुंदी*
टायरवर २१५/७५ असा आकडा असेल तर २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, साधारण साडेआठ इंच. रबर दोन्ही बाजूंनी त्यापेक्षा इंचभर जास्त हवं. फार रुंद घेतलं तर वाऱ्यानं फडफडतं आणि बोल्टची भोकं मोठी होतात.

*३) उंची भरल्या गाडीवर मोजा*
बरेच जण इथंच चुकतात. रिकाम्या गाडीवर माप घेतलं की माल भरल्यावर पाटे दबतात आणि रबर जमिनीला घासतं. डाळिंबाचे क्रेट किंवा खताची पोती भरून गाडी सपाट जागेवर उभी करा. रबराची खालची कड जमिनीपासून वीतभर वर राहिली पाहिजे. आधी लांब बसवा, मग खालून कापा. कापलेलं परत जोडता येत नाही.

*४) टायरपासून अंतर*
टायर आणि रबर यांत किमान चार-पाच बोटं जागा ठेवा. चिकटून बसवलं तर गाडी मागे घेताना रबर टायर आणि बांधामध्ये सापडतं आणि मुळासकट निघतं. चारी ओलांडताना तर हमखास.

*५) बसवणं*
नुसत्या बोल्टवर रबर टांगू नका. वरच्या कडेला आडवी लोखंडी पट्टी लावून तीन-चार बोल्टनी आवळा, म्हणजे ओढ सगळीकडे सारखी पडते. मोठे वायसर आणि लॉक नट वापरा. पत्र्याला नवीन भोक पाडलं तर त्याला लगेच रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच धरतो. मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट झाकली जाणार नाही एवढं बघा. पुढच्या चाकांनाही लावा, कारण क्रेटवर आणि दुधाच्या कॅनवर येणारा चिखल बराचसा तिथूनच उडतो.

*६) आता बागेचं* ⚠️
रबर चिखल अडवतं, म्हणजे तो चिखल गाडीवरच साठतो. डाळिंबाच्या मर रोगाची बुरशी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मातीतच राहतात. मर लागलेल्या बागेतून माल भरून तीच गाडी दुसऱ्याच्या बागेत नेली, तर रबराच्या आतली माती तिथं गळून पडते. केळीवाल्यांनीही लक्ष द्या. पनामा मर रोगाची टीआर-४ ही जात २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात टलीच्या भागात सापडली, तेव्हापासून तिथले बागायतदार गाड्यांची माती धुतल्याशिवाय त्या बागेत घेत नाहीत. आपल्या देशातही बिहार, उत्तर प्रदेशात ती आढळली आहे. ही बुरशी जमिनीत अनेक वर्षं जिवंत राहते.

म्हणून हे पाळा:
✅ रबर आतून गुळगुळीत घ्या. खाचांचं घेतलं तर माती निघत नाही.
✅ गाडी बांधावर किंवा पक्क्या रस्त्यावर उभी करा. क्रेट बागेतून तिथपर्यंत आणा.
✅ बाग सोडण्याआधी टायर आणि रबराची आतली बाजू खुरप्यानं खरवडा, मग पाण्यानं धुवा. चिखलावरून जंतुनाशक मारून उपयोग नाही, ते आत पोचत नाही.
✅ धुतलेलं पाणी चारीत, विहिरीकडे किंवा बागेत जाऊ देऊ नका.
✅ एका दिवसात तीन-चार बागा करायच्या असतील तर निरोगी बाग आधी, मर लागलेली शेवटी.

भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरदादांना हा मेसेज पुढे पाठवा. बागेत शिरायच्या आधी चाकामागं एकदा वाकून बघायला लाजू नका. झाड वाळायला लागल्यावर गाडी धुऊन काही होत नाही.

डाळिंबाचं एखादं झाड अचानक पिवळं पडून एका बाजूनं वाळत असेल तर फोटो पाठवा. त्या बागेत गाडी नेण्याआधी आपण बोलू.

— आपला कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी, कळंब