पुन्हा मोडंल का? – एका पोकळ हाडाचं गणित

आधी एक खुलासा. माझं गाव पेडगाव. पण लोक वेड पांघरून ज्या पेडगावला जातात ते हे नव्हे. ते श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठावरचं, बहादूरगडाचं. आमचं परभणी जिल्ह्यातलं. होस्टेलवर पहिल्या दिवसापासून हा विनोद ऐकतोय, म्हणून एकदाचं छापूनच टाकतो.

दिवाळीत गावी गेलो तर चुलतभावाच्या मुलाचा हात गळ्यात अडकवलेला. वय वर्षे नऊ. तो कुठून पडला नव्हता, की कुणाशी भांडला नव्हता. गल्लीत क्रिकेट चाललं होतं, लांबून चेंडू जोरात फेकला आणि खांद्याच्या खाली कट्‌कन आवाज आला. एक्स-रे काढला तर मोडलेल्या जागी हाडात चक्क पोकळी. ‘हाडात गाठ आहे’ एवढं ऐकल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. आजीनं दोन दिवस जेवण सोडलं. नंतर डॉक्टरांनी समजावलं, की हा कॅन्सर नाही, साधी गाठ आहे, मोडलेलं जुळेल. पण जाताजाता म्हणाले, पोकळी अजून आहे, पुन्हा मोडू शकतं, पळूबिळू देऊ नका. किती दिवस? तर म्हणे, बघू.

वहिनीनं मला गाठलं. “भाऊजी, तुम्ही इंजिनिअरिंगला हात ना? मग सांगा की, पुन्हा मोडंल का?”

मी हसलो. पण रात्री गच्चीवर पडल्यापडल्या लक्षात आलं, की हा प्रश्न डॉक्टरकीचा जितका तितकाच आपला आहे. एक पोकळ दांडा आहे, त्याची भिंत एका जागी आतून खाल्ली गेली आहे, आणि त्यावर वाकवणारा व पिळणारा भार येतो. दांडा टिकेल का? सेकंड इयरच्या एस.ओ.एम.च्या पेपरात याहून अवघड गणितं येतात.

आधी गाठीबद्दल. मुलांच्या हाडात कॅन्सर नसलेल्या गाठी बऱ्याच प्रकारच्या होतात. भाच्याला – म्हणजे पुतण्याला, नाती मोजण्यात मी कच्चाच – झाली ती साधी पोकळी. तिच्यात पातळ द्रव असतो. १८७६ साली जर्मनीच्या विर्खो यांनी तिचं वर्णन केलं. मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळते, आणि दंडाच्या हाडाचं वरचं टोक ही तिची आवडती जागा. दुसरी मांडीच्या हाडाचं वरचं टोक. बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे हाड मोडेपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो. मोडताना भिंतीचा एखादा कपचा सुटून द्रवात तळाशी जाऊन बसतो आणि तो एक्स-रेत दिसला की डॉक्टर खूण ओळखतात. मोडल्यावर हाड जुळतं, पण पोकळी त्यानं भरून निघतेच असं नाही. थोड्याच मुलांत भरते. बाकीच्यांत वाढ पूर्ण होईपर्यंत वाट बघायची, नाहीतर सुईनं औषध सोडायचं, नाहीतर खरवडून हाडाचा चुरा भरायचा. म्हणजे शस्त्रक्रिया. ती करायची की नाही, हे ‘पुन्हा मोडेल का’ या एकाच प्रश्नावर येऊन थांबतं.

तर हे ओळखायचं कसं? जुना रिवाज एक्स-रेवर पट्टी ठेवण्याचा. भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग गेला, किंवा गाठ साधारण ३३ मिलिमीटरपेक्षा मोठी दिसली, की धोका. १९८९ मध्ये केलिन आणि मॅकइवेन यांनी पोकळीसाठी एक निर्देशांक सुचवला. पोकळीचं क्षेत्रफळ भागिले हाडाच्या दांड्याच्या व्यासाचा वर्ग. दंडात तो ४ च्या वर आणि मांडीत ३.५ च्या वर गेला तर जपा. हिशेब सोपा आहे, कुठल्याही दवाखान्यात होतो, आणि हाच त्याचा मोठा गुण. पण एक्स-रे म्हणजे सावली. सावलीवरून भिंतीची जाडी कळत नाही, आणि माल कोणत्या प्रतीचा आहे ते तर मुळीच कळत नाही.

आता वही काढा. हाड म्हणजे पाईप समजू. बाहेरचा व्यास २० मिमी, आतला १२, म्हणजे भिंत ४ मिमी. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर असतो, हे पाठच आहे. २० चा चौथा घात वजा १२ चा चौथा घात, उत्तर १,३९,२६४. (पाय भागिले चौसष्ट सगळीकडे तेच, म्हणून सोडून देतो. परीक्षेत सोडू नका.) आता गाठीनं भिंत आतून निम्मी खाल्ली. आतला व्यास १६ झाला. उत्तर ९४,४६४. म्हणजे भिंत निम्मी गेली, पण वाकण्याचा विरोध फक्त ३२ टक्क्यांनी घटला! कारण आतला माल मध्याजवळ असतो आणि मध्याजवळचा माल कामाचा कमी. हीच गाठ बाहेरच्या अंगानं एका बाजूला असती तर तेवढाच माल जाऊन नुकसान जास्त झालं असतं. ‘निम्मी भिंत’ हा नियम या दोन गाठींत फरकच करत नाही.

याहून गंमत पुढे आहे. या पोकळ्या हाडाला फुगवतात. समजा बाहेरचा व्यास २४ झाला आणि भिंत उरली २ मिमी. एक्स-रेत हे बघून बापाच्या पोटात गोळा येईल. पण गणित करा: उत्तर १,७१,७७६, म्हणजे मूळ हाडापेक्षा २३ टक्के जास्त! मग घाबरायचं कारण नाही? आहे. कारण ही फुगलेली भिंत नव्या, कोवळ्या हाडाची असते. कार्टर आणि हेज यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की हाडाचा ताठरपणा साधारण घनतेच्या तिसऱ्या घाताप्रमाणे बदलतो. घनता २० टक्क्यांनी कमी धरा. ०.८ चा घन ०.५१. मघाच्या १.२३ ला यानं गुणलं की ०.६३ उरतं. म्हणजे ३७ टक्के घट. आकारानं कमावलं ते मालानं घालवलं. आकार आणि माल, दोन्ही एकत्र मोजल्याशिवाय उत्तर नाही. म्हणूनच आपण ई आणि आय वेगवेगळे न लिहिता गुणून लिहितो.

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले ब्रायन स्नायडर यांनी नेमकं हेच केलं. गृहस्थ हाडांचे सर्जन आहेत आणि इंजिनिअरही. सी.टी. स्कॅनमध्ये हाडाचे आडवे काप मिळतात. स्कॅन काढताना शेजारी माहीत घनतेचे नमुने ठेवले, की चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याच्या करडेपणावरून तिथली घनता निघते, घनतेवरून ताठरपणा. मग प्रत्येक कापात ठिपक्याठिपक्याची बेरीज करायची, अगदी आपल्या कंपोझिट बीमसारखी, आणि वाकण्याचा व पिळण्याचा विरोध काढायचा. सगळ्यात कमजोर काप ठरवतो, कारण साखळी कमकुवत कडीलाच तुटते.

पण कशाच्या तुलनेत कमजोर? इथं मला ही पद्धत सर्वात आवडली. मुलं वाढत असतात. नऊ वर्षांच्या दोन पोरांची हाडं सारखी नसतात, त्यामुळे पुस्तकातला तक्ता चालत नाही. म्हणून त्याच मुलाच्या दुसऱ्या, धड हाताचा तोच काप काढतात आणि त्याच्याशी तुलना करतात. नमुना त्याचा तोच. साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त घट दिसली तर धोका समजायचा.

२००६ साली त्यांच्या गटानं निकाल छापले. वाकणं आणि पिळणं दोन्ही धरून केलेलं भाकीत ९७ टक्के अचूक निघालं. एक्स-रेच्या नियमांची अचूकता ४२ ते ६१ टक्के. ४२ टक्के म्हणजे छापा-काटा केलेला बरा. अर्थात मुलं मोजकीच होती, हे विसरू नये. २०१० मध्ये त्याच गटानं पुन्हा तपासलं, आणि फरक मुख्यतः कुठं पडतो ते स्पष्ट झालं. एक्स-रेचे नियम नको तिथं धोका सांगतात. म्हणजे ज्या पोरांचं हाड मोडणार नव्हतं त्यांनाही घरात बसवलं जातं, काहींना टेबलावर घेतलं जातं. चुकून मोडण्याची भीती सगळ्यांना दिसते. चुकून बसवून ठेवलेलं पोर कुणाच्या हिशेबात येत नाही.

पिळण्याचं वेगळं का मोजायचं, असं माझ्या रूममेटनं विचारलं. त्याला पी.व्ही.सी. पाईपचा तुकडा दिला आणि उभी चीर पाडून पिळायला सांगितलं. वाकवताना फारसा फरक जाणवत नाही, पिळताना पाईप लगेच हार मानतो. चेंडू फेकताना दंडाच्या हाडावर येतो तो पीळच. आमचा गडी नेमका तिथंच मोडला.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सी.टी.मध्ये किरणांचा डोस एक्स-रेपेक्षा बराच जास्त, आणि दोन्ही हातांचा काढायचा, तोही वाढत्या वयात. त्यामुळे ऊठसूट काढण्याची ही गोष्ट नाही. शिवाय ते घनतेचे नमुने आणि गणित करणारा माणूस पाहिजे, जिथं सी.टी. मशीन आहे तिथं हे दोन्ही असतंच असं नाही. आणि हाड किती भार सोसेल हे गणित सांगतं, पण पोर किती भार टाकेल हे कोण सांगणार? लिंबाच्या झाडावरून उडी मारली तर धड हाडही मोडतं. म्हणून मांडीच्या हाडाच्या बाबतीत डॉक्टर जास्त जपतात, ते बरोबरच. हात गळ्यात अडकवून शाळेत जाता येतं, पाय नाही.

वहिनीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. पाईपचं चित्र काढून दाखवलं, आणि सांगितलं, की पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा: भिंत किती जाड झाली, पोकळी वाढीच्या थरापासून लांब सरकली का? पोकळी त्या थराला चिकटून असेपर्यंत जोरात असते, हाड वाढून ती मागे पडली की सहसा निवते.

परवा फोन आला होता. नव्या एक्स-रेत पोकळीभोवती पांढरी कड दिसतेय म्हणे. पोरगं सध्या अंपायर आहे, आणि गल्लीतल्या पोरांची तक्रार आहे, की ते मुद्दाम सगळ्यांना आऊट देतं.