मैफल खरी, सूर मात्र दुरुस्त!

अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजेच ‘सुपर बोल’, ११ फेब्रुवारी २०२४ रोजी लास वेगास येथे रंगला. त्याच्या मध्यंतरातील संगीताच्या कार्यक्रमात गायिका अ‍ॅलिशिया कीज हिने पियानोवर बसून गाण्याला प्रारंभ केला आणि अगदी आरंभीच तिचा आवाज चिरकला. अमेरिकेतील बारा कोटींहून अधिक प्रेक्षक तो सामना दूरचित्रवाणीवर पाहत होते. क्षणभरात तिने आवाज सावरला आणि गाणे पुढे गेले. परंतु त्यानंतर याच कार्यक्रमाची अधिकृत चित्रफीत यूट्यूबवर आली, तेव्हा तो चिरकलेला सूर तेथून नाहीसा झाला होता. गायिका तीच, पियानो तोच, प्रेक्षकांचा जल्लोषही तोच. सूर मात्र निर्दोष. ज्यांनी प्रत्यक्ष प्रक्षेपण ऐकले होते, त्यांच्या लक्षात हा बदल आला. पुढे केवळ अधिकृत चित्रफीत पाहणाऱ्यांना मात्र असे काही घडले होते, याचा मागमूसही लागणार नाही.

‘लाइव्ह’ म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या ध्वनिमुद्रणांत अशी डागडुजी करण्याची प्रथा संगणकापेक्षाही जुनी आहे. मोठ्या कार्यक्रमात प्रत्येक गायकाचा आणि वाद्याचा ध्वनी स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित केला जातो. त्यामुळे नंतर स्टुडिओत बसून एखादाच ट्रॅक पुसता येतो आणि त्या जागी नव्याने गाता येते. ब्रिटनच्या ‘जुडास प्रीस्ट’ या रॉक वाद्यवृंदाचा १९७९ मधील ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ हा संग्रह जपानमधील कार्यक्रमांचा. त्यातील गायन नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित केल्याचे त्यांचा गायक रॉब हॅलफोर्ड याने पुढे मान्य केले. ‘थिन लिझी’च्या १९७८ मधील ‘लाइव्ह अँड डेंजरस’ या गाजलेल्या संग्रहाचा तीनचतुर्थांश भाग स्टुडिओत तयार झाल्याचा दावा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी याने केला. वाद्यवृंदाशी संबंधित मंडळींनी तो फेटाळला. हा वाद आजही मिटलेला नाही.

तथापि त्या काळी चूक सुधारायची तर गायकाला पुन्हा गावे लागत असे. ती गरज १९९७ मध्ये आलेल्या ‘ऑटो-ट्यून’ या सॉफ्टवेअरने संपवली. त्याचा जनक अँडी हिल्डेब्रँड हा मूळचा तेलसंशोधन क्षेत्रातील तज्ज्ञ. जमिनीत ध्वनिलहरी सोडून, परतणाऱ्या लहरींच्या गणिती विश्लेषणावरून भूगर्भातील तेलसाठ्यांचा वेध घेणे हे त्याचे काम होते. लहरींच्या विश्लेषणाचे असेच गणित त्याने गळ्याला लावले. आवाजाची कंपने एका सेकंदात किती, हे सॉफ्टवेअर सतत मोजते, जवळचा ‘योग्य’ स्वर कोणता ते ठरवते आणि आवाज तिकडे सरकवते. ही ओढ किती वेगाने लावायची, हे तंत्रज्ञाच्या हाती असते. वेग कमी ठेवला तर दुरुस्ती कानाला कळतही नाही. तो कमाल केला तर आवाज यंत्रमानवासारखा होतो. शेर या गायिकेच्या १९९८ मधील ‘बिलीव्ह’ या गाण्यात हाच परिणाम हेतुपुरस्सर साधला होता. पुढे म्युनिकच्या ‘सेलेमोनी’ कंपनीच्या ‘मेलोडाइन’ने तर प्रत्येक स्वर पडद्यावर ठिपक्यासारखा मांडला. तो माऊसने उचलून वरखाली करता येतो, लांबवता येतो, तालात बसवता येतो.

मैफलीच्या मुद्रणात हे काम स्टुडिओपेक्षा अवघड असते. व्यासपीठावर गायकाच्या मायक्रोफोनमध्ये ढोल, गिटार आणि श्रोत्यांच्या टाळ्याही शिरतात. गायकाचा सूर सरकवला की त्यात मिसळलेला हा गोंगाटही सरकतो आणि कानाला काहीतरी खटकते. म्हणून अनेकदा वेगळी युक्ती योजली जाते. एकाच दौऱ्यातील अनेक कार्यक्रम मुद्रित करून, एका रात्री फसलेली ओळ दुसऱ्या रात्रीच्या मुद्रणातून उचलून जोडतात. श्रोत्यांकडे रोखलेल्या मायक्रोफोनमधील कल्लोळ त्यावर पसरला की सांधा झाकला जातो.

ही कारागिरी ओळखता येते का? बऱ्याचदा येते. माणसाचा गळा कोणताही स्वर सरळ रेषेत धरत नाही. तो खालून किंवा वरून स्वराला भिडतो, किंचित थरथरतो आणि श्वास संपताना थोडा ढळतो. सुरांचा आलेख काढल्यावर नैसर्गिक गायनात ही वळणे दिसतात. दुरुस्त केलेल्या गायनात मात्र रेषा पुन्हापुन्हा पट्टीने आखल्यासारखी सपाट होते आणि ती अचूक पियानोच्या स्वरांवरच थांबते.

मराठी रसिकांच्या दृष्टीने या ‘अचूक’ शब्दातच खरी मेख आहे. पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे बाराशे ‘सेंट’ मानून बारा स्वरांत प्रत्येकी शंभर सेंटचे समान अंतर ठेवतात. सॉफ्टवेअर सर्वसाधारणपणे हेच माप प्रमाण मानते. त्या मापाने शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो. म्हणजे तानपुऱ्याशी एकजीव झालेला गंधार या यंत्राच्या लेखी चौदा सेंटनी उतरलेला, अर्थात बेसूर! दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधाराला ते अस्थिरता समजेल आणि वेगवान दुरुस्तीत मींडेच्या जागी पायऱ्या उमटतील. मोजपट्टी बदलण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे. परंतु ती बदलण्यासाठी बटणामागच्या माणसाला राग कळावा लागतो.

कलावंतांची बाजूही समजून घ्यायला हवी. सततचे दौरे, थंडी, जागरण यांमुळे गळा एखाद्या रात्री साथ देत नाही. पूर्वी अशी रात्र सभागृहातच विरून जाई. आता तिची चित्रफीत जन्मभर पाठलाग करते आणि थट्टेचा विषय होते. अशा वेळी एखादा डाग पुसावासा वाटला, तर त्यात अपराध तो काय? छायाचित्र छापण्यापूर्वी त्यावरची धूळ आपणही झटकतोच.

फरक आहे तो आश्वासनाचा. स्टुडिओतील गीत ही घडवलेली कलाकृती असते, हे श्रोत्याला ठाऊक असते. ‘लाइव्ह’ हा शब्द मात्र ‘त्या रात्री असे घडले’ अशी ग्वाही देतो. ब्रिटनमध्ये २०१० साली ‘द एक्स फॅक्टर’ या गायनस्पर्धेत स्पर्धकांच्या आवाजावर अशी प्रक्रिया केल्याचे उघड होताच प्रेक्षक संतापले. अखेर हा प्रकार थांबवण्याचा निर्णय सायमन कॉवेल यांना घ्यावा लागला. स्पर्धेत एकाचा सूर सावरणे म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांवर अन्याय करणे होय. त्याहून मोठी हानी शिकणाऱ्यांची होते. थोर गायकांच्या मैफली ऐकून रियाज करणारा विद्यार्थी स्वतःच्या गळ्याची तुलना कधीच न ढळणाऱ्या आवाजाशी करू लागला, तर माणसाला अशक्य असलेल्या कसोटीवर तो स्वतःला नापास ठरवील.

हे तंत्रज्ञान मागे घेता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात, त्याप्रमाणे कोणता भाग पुन्हा गायला आणि कोठे सूर दुरुस्त केला, हे ध्वनिमुद्रणासोबत एका ओळीत नमूद करणे अवघड नाही. मूळ मुद्रण न पुसता जतन करणे तर त्याहूनही सोपे. श्रोत्याला निर्दोष गाणे आवडेल वा चिरकलेलेही प्रिय वाटेल. मात्र आपण त्यांपैकी कोणते ऐकत आहोत, हे जाणण्याचा त्याचा हक्क कोणत्याही सॉफ्टवेअरने हिरावून घेता कामा नये.