फाळक्याबरोबर गेलेला कॅमेरा

अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचा मागे बघणारा कॅमेरा बहुधा फाळक्यावर, त्याच्या मुठीशेजारी बसवलेला असतो. ट्रकच्या हौद्यात कॅम्पर चढवायचा, म्हणजे पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी असलेली अख्खी खोलीच चढवायची, तर बहुतेक वेळा तो फाळका काढून घरी ठेवावा लागतो. फाळक्याबरोबर कॅमेराही जातो. मधल्या आरशासमोर तर कॅम्परची भिंतच येते. गाडी सर्वांत उंच, जड आणि लांब होते, नेमकी तेव्हाच ती पाठीमागून आंधळी होते.

आपल्याकडे ट्रक मागे घेताना क्लीनर खाली उतरतो, पत्र्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो आणि एक जोराची थाप पडली की गाडी थांबते. अमेरिकेत कॅम्पर घेऊन निघालेल्या घरात हे काम नवऱ्याकडे किंवा बायकोकडे येते. एकट्याने हिंडणाऱ्याला तीही सोय नाही. म्हणून ही मंडळी कॅम्परच्या मागच्या भिंतीवर, छताजवळ, दुसरा कॅमेरा बसवतात. काम फार अवघड नाही. पण ड्रायव्हरसमोरच्या तळहाताएवढ्या पडद्यावर चित्र उमटेपर्यंत वाटेत काय काय घडते ते समजून घेतले, की माझ्यासारखा माणूस थक्क होऊन जातो.

कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्सने १९५६ मध्ये ब्यूइक सेंच्युरियन ही प्रदर्शनाची गाडी मांडली, तेव्हा तिला मागचा आरसाच ठेवला नव्हता. मागे टेलिव्हिजनचा कॅमेरा आणि पुढे डॅशबोर्डवर पडदा. ती विक्रीला आली नाही, आणि कॅमेरा घरोघरच्या गाड्यांत यायला पुढे कितीतरी दशके गेली.

तो सक्तीचा झाला एका मुलाच्या मृत्यूमुळे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर २००२ मध्ये दोन वर्षांचा कॅमेरॉन गलब्रॅन्सन मागे येणाऱ्या एसयूव्हीखाली सापडला. गाडी त्याचे वडील चालवत होते, आणि ते स्वतः बालरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि असेच दुःख वाट्याला आलेल्या इतर पालकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २००८ च्या फेब्रुवारीत कॅमेरॉनच्या नावाच्या कायद्यावर सही झाली, प्रत्यक्ष नियम ठरायला २०१४ उजाडले, आणि १ मे २०१८ पासून अमेरिकेत विक्रीसाठी तयार होणाऱ्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा आवश्यक ठरला. नियम अगदी नेमका आहे: गाडीमागचा १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टा दिसला पाहिजे, आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून २ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रवासी मोटारींना मागे सेन्सर सक्तीचे आहेत, पण ते आवाज करून अंतर सांगतात. चित्राची सक्ती नाही.

मात्र अमेरिकेचा नियम १०,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या एकूण वजनक्षमतेच्या वाहनांसाठी आहे. ट्रेलर त्यात येत नाहीत. मोठाले कॅम्पर वाहणाऱ्या, मागे चार चाकांच्या अवजड पिकअपही त्या मर्यादेपलीकडच्या. जिथे मागचे सर्वांत कमी दिसते तिथे कायदा थांबतो, आणि तिथून पुढचे मालकालाच पाहावे लागते.

आता चित्राकडे वळू. समजा, गाडीच्या मागे उजव्या हाताला एक झाड आहे. ड्रायव्हर पुढे तोंड करून बसलेला. कॅमेऱ्याचे तोंड मागे. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीने झाड डावीकडे आहे. त्याने पाहिले तसेच चित्र दाखवले, तर झाड पडद्याच्या डाव्या बाजूला दिसेल, ड्रायव्हर ते चुकवायला गाडी उजवीकडे घेईल आणि नेमका त्यावर जाऊन आदळेल. म्हणून मागचा कॅमेरा चित्राच्या दोन्ही बाजूंची अदलाबदल करतो. आरशात उजवीकडचे उजवीकडे दिसते, तसेच मग पडद्यावर दिसते. पडताळा घ्यायचा असेल तर मागे उभ्या असलेल्या गाडीची नंबरप्लेट पडद्यावर पाहा: अक्षरे उलटी दिसतील. आपण रोज हे चित्र बघतो आणि ते उलटवलेले आहे हे मनातही येत नाही, याचे मला फार नवल वाटते. बाजारात मिळणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांच्या वायरीला एक लहानसा फास असतो. तो कापला की अदलाबदल बंद होते आणि तोच कॅमेरा गाडीच्या पुढे लावता येतो. कॅम्परच्या भिंतीला भोक पाडण्यापूर्वी कुणाला तरी मागे उजव्या बाजूला उभे करून पडद्यावर खात्री करून घ्यावी, ती यासाठीच.

भिंगामागे नखाहून लहान असा सिलिकॉनचा तुकडा असतो. प्रकाशाचा कण त्यावर पडला की इलेक्ट्रॉन सुटतो. लाखो बारीक चौकटींत हे इलेक्ट्रॉन जमतात, मोजले जातात, चौकटी रिकाम्या होतात आणि पुन्हा भरू लागतात. हे सगळे सेकंदाला सुमारे ३० वेळा. अशा संवेदकाचा आजचा प्रकार १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. त्यांना अवकाशयानावरचे कॅमेरे लहान आणि कमी वीज खाणारे करायचे होते. ग्रहांसाठी सुरू झालेले ते काम आज कॅम्परच्या मागे चिखल झेलत उभे आहे! शिवाय सिलिकॉनला आपल्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही थोडा दिसतो. म्हणून भिंगाभोवती अवरक्त दिव्यांचे कडे बसवतात. माणसाला अंधार वाटतो, कॅमेऱ्याला उजेड; फक्त चित्र तेवढे काळेपांढरे येते.

हे चित्र पुढे पोचवायचे कसे, ही बसवणाऱ्याची खरी कसोटी. ट्रक आणि कॅम्पर यांना जोडणाऱ्या नेहमीच्या प्लगमध्ये ७ पिना असतात: इंडिकेटर, ब्रेक, मागचे दिवे, बॅटरी चार्जिंग, अर्थिंग अशी कामे त्यांनी वाटून घेतलेली, आणि मधली पिन बहुधा रिव्हर्सच्या दिव्याची. व्हिडिओसाठी पिनच नाही. वीज मात्र याच प्लगमधून मिळते, आणि ती कोणत्या तारेवरून घ्यायची यावर कॅमेऱ्याचा स्वभाव ठरतो. रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतली तर चित्र फक्त मागे जाताना येते. छताच्या कडेच्या दिव्यांवरून घेतली तर गाडीचे दिवे चालू असेपर्यंत चित्र दिसत राहते. कॅम्परने आरसा झाकलेलाच असतो, म्हणून महामार्गावर मागून कोण येतेय हे कळायला दुसरी जोडणी मला जास्त उपयोगी वाटते.

व्हिडिओसाठी वेगळी केबल ओढता येते. ती सर्वांत भरवशाची. पण दर वेळी कॅम्पर उतरवताना ती सोडवावी लागते, म्हणून बरेच जण बिनतारी कॅमेरा घेतात. तो साधारण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो, आणि त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचीही गर्दी असते. त्यातून वाट काढायला चांगला कॅमेरा आणि त्याचा पडदा सतत वारंवारता बदलत राहतात. उड्यांचा क्रम दोघांनाच ठाऊक. या कल्पनेचे एक पेटंट ऑगस्ट १९४२ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांना मिळाले होते. टॉर्पेडो दूरवरून चालवताना शत्रूने संदेशात अडथळा आणू नये, हा त्यांचा हेतू. वारंवारता ८८ योजल्या होत्या. पियानोच्या पट्ट्याही तेवढ्याच!

ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मात्र या लहरी जात नाहीत. त्या काचेतून, फटींतून, आजूबाजूला आपटत पोचतात, म्हणून अँटेना पत्र्याआड दडू देऊ नये. आणि चित्राला लागणारा उशीर तपासावा. ताशी ५ किलोमीटर वेगाने सरकणारी गाडी सेकंदाला सुमारे १.४ मीटर जाते. चित्र ०.२ सेकंद उशिरा आले, तर पडद्यावर दिसते त्यापेक्षा गाडी आणखी २८ सेंटिमीटर मागे गेलेली असते.

मोटार कंपन्या यापुढेही गेल्या आहेत. जीएमसीच्या २०२० च्या सिएरा एचडी ट्रकमध्ये ट्रकच्या कॅमेऱ्याचे चित्र आणि ट्रेलरच्या मागे लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्र असे एकमेकांत बसवतात, की पडद्यावर ट्रेलर पारदर्शक भासतो आणि त्याच्या पलीकडचा रस्ता दिसतो.

एका गोष्टीवर मात्र विसंबू नका: पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रेषा. त्या रस्ता पाहून काढलेल्या नसतात. कॅमेरा अमुक उंचीवर, अमुक कोनात आहे असे गृहीत धरून त्या चित्रावर ओढलेल्या असतात. कॅमेरा कॅम्परच्या छताशी गेला की ते गृहीतक मोडते. भिंगही रुंद कोनाचे असते, त्यामुळे मागची वस्तू आहे त्याहून लांब वाटते. कॅमेरा बसवल्यावर रिकाम्या पटांगणात जा, मागच्या बंपरपासून ३, ६ आणि १० फुटांवर खोकी ठेवा, ती पडद्यावर कुठे येतात ते पाहा आणि तिथे चिकटपट्टीच्या खुणा करा. आणि झाडाखाली गाडी लावताना उतरून वर बघा. छताजवळून खाली झुकलेल्या या कॅमेऱ्याला छतावर घासणारी फांदी दिसत नाही.